पहिल्या नंबरचा एव्हर्ट

हेर्नाव्हिकमध्ये भाड्याचं घर बघायला गेलात आणि दारात निळी टोपी घातलेला, हात पाठीमागे बांधून उभा असलेला एक उंच म्हातारा दिसला, तर खुशाल समजावं की आपलं नशीब उघडलं. तो एव्हर्ट ब्रांडेल. त्या घराच्या यादीत तो पहिल्या नंबरवर असणार, आणि तो नाही म्हणणार. त्याचं नाही म्हणणं इतकं भरवशाचं, की दुसऱ्या नंबरची माणसं त्याच्या देखत पडद्यांची मापं घ्यायला लागत.

नगरपालिकेचं घर आमच्याकडे वशिल्याने मिळत नाही, दिवसांनी मिळतं. रांगेत नाव नोंदवलं की रोज एक दिवस तुमच्या नावावर चढतो. घर रिकामं झालं की ज्यांना हवं ते अर्ज करतात. ज्याचे दिवस सगळ्यात जास्त, तो पहिला. वरच्या पाच जणांना एकाच वेळी घर बघायला बोलावतात, मग पहिला हो म्हणाला तर विषय संपला, नाही म्हणाला तर दुसऱ्याला विचारतात. आणि एकदा करारावर सही केली, की तुमचे सगळे दिवस शून्य. पुन्हा एकपासून सुरुवात. एव्हर्टचं घोडं पेंड खायचं ते इथे.

त्याच्या नावावर सतरा हजार पाचशे त्रेसष्ट दिवस होते. अख्ख्या गावात एवढे कुणाकडे नव्हते. त्याच्या वडिलांनी, लाकडाच्या गिरणीत काम करणाऱ्या अबोल माणसाने, अठराव्या वाढदिवशी सकाळी त्याला सायकलवरून नगरपालिकेत नेलं होतं आणि रांगेत नाव घालून दिलं होतं. बाकीच्या पोरांना त्या वयात घड्याळं मिळाली. एव्हर्टला रांग मिळाली, आणि त्याने ती जपली.

खरं म्हणजे घर मिळवायची वेळच त्याच्यावर कधी आली नाही. लग्नाआधी तो रेजिमेंटच्या बराकीत राहायचा आणि लग्नानंतर मायलिसच्या घरी. घर तिचं होतं, म्हणजे करार तिच्या नावावर होता. तिने आठ वर्षं साठवलेले दिवस खर्चून ते मिळवलं होतं: चौथा मजला, दोन खोल्या, खाली चौकात चेस्टनटचं झाड. लिफ्ट नाही. पंचविशीत लिफ्ट लागते कुणाला? पण आता मायलिस अडुसष्टची होती, एका खुब्याचा सांधा बदलून झाला होता, दुसऱ्याची पाळी यायची होती, आणि पायऱ्या पूर्वी होत्या तेवढ्याच होत्या. बहात्तर.

मायलिसने छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. उत्तर चुकलं की ती रागावत नसे, फक्त ‘पुन्हा कर’ म्हणायची. एव्हर्टलाही ती हेच म्हणत आली होती. पहिलं घर त्याने नव्व्याण्णव साली नाकारलं, बंदरातून हेरिंग मासळीचा वास येतो म्हणून. त्यानंतरचं, स्वयंपाकघर उत्तरेला, ऊन येत नाही म्हणून. मग एक शेजारच्या कुत्र्यापायी. आणि पाच वर्षांपूर्वी, जेव्हा मायलिसचा खुबा पहिल्यांदा दुखायला लागला होता, तेव्हा लिफ्टवालं एक चांगलं घर त्याने नाकारलं ते लिफ्ट बोलते म्हणून. ‘दार उघडत आहे, दार बंद होत आहे,’ असं ती लिफ्ट सांगायची.

"दार उघडतंय ते मला दिसत नाही का?" एव्हर्ट घरी येऊन म्हणाला होता.

"दिसतं ना. तुला फक्त आत जाता येत नाही," मायलिस म्हणाली होती.

त्याच्या जागी जाऊन बघितलं तर त्याचंही काही चुकत नव्हतं. जन्मात तो कशातच पहिला आला नव्हता. रेजिमेंटच्या स्कीच्या शर्यतीत चौदा वर्षं पळाला, तेरा वेळा सातवा आला आणि एकदा सहावा, तेही पुढच्याची स्की मोडली म्हणून. तेवीस वर्षं तो कपडेभांडारात बूट वाटायला होता. रांगेतल्या पोरांच्या पायांकडे नुसतं बघून तो माप सांगायचा, आणि ते चुकत नसे. पण त्याबद्दल पदक देत नाहीत. सरकारने रेजिमेंट बंद केली तेव्हा त्याने शेवटचा बूट मोजला, किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि पुढे निवृत्त होईपर्यंत क्रीडागृहाची राखण केली. पण घर बघायला गेला की नगरपालिकेची बाई कागद बघून म्हणायची, ‘पहिला नंबर?’ आणि एव्हर्ट टोपी काढून म्हणायचा, ‘मी.’ सगळे वळून बघायचे. एवढं सुख हातातून सोडवत नाही माणसाला.

एप्रिलच्या सुरुवातीला एका सकाळी तो संगणकावर जाहिराती वाचत होता आणि वाचता वाचता थांबला. मायलिस समोर शब्दकोडं सोडवत होती. तिने मान वर केली नाही, पण पेन्सिल थांबवली.

"काय निघालं?"

"रेजिमेंटच्या आवारात," तो म्हणाला. "कपडेभांडार. तिथे आता घरं केलीत ना. पहिल्या मजल्यावरचं रिकामं झालंय. तीन खोल्या, काचेची गॅलरी."

"लिफ्ट?"

"आहे."

"बोलते का?"

"ते लिहिलेलं नाही."

मायलिसने एका चौकोनात एक अक्षर भरलं. "अर्ज कर मग. तुला सायकलवरून सातच मिनिटं लागतील. नाही म्हणायला एवढं जवळ याआधी नव्हतं कधी."

एव्हर्टने अर्ज केला. हे घर त्याला खरोखरच हवं होतं. इतकं हवं होतं, की आता खोट कुठली काढायची याचीच त्याला चिंता पडली.

सोमवारी संध्याकाळी पाचला पाचही जणांना बोलावलं होतं. एव्हर्ट दहा मिनिटं आधीच पोचला. कवायतीच्या मैदानावर आता गवत होतं आणि घसरगुंडी होती, पहारेकऱ्यांच्या चौकीत बेकरी निघाली होती आणि वेलचीच्या पावाचा वास थेट भांडाराच्या दारापर्यंत येत होता. भांडाराच्या पिवळ्या विटा तेवढ्या तशाच होत्या. तो आपला हात पाठीमागे बांधून दारात उभा राहिला.

मागून योनास आला. तो चार नंबरची बस चालवतो. लहानपणी आईबापांबरोबर एरिट्रियातून आला, आता त्याला स्वतःची तीन पोरं आहेत आणि घरं बघताना एव्हर्टशी त्याची चांगली ओळख झाली आहे. आमच्याकडे राजघराणं सोडलं तर सगळ्यांनाच एकेरीत बोलतात, त्यामुळे वयाचा प्रश्न येत नाही.

"एव्हर्ट! आलास! म्हणजे मी तिसरा नाही, दुसरा," योनास म्हणाला. "काय खोट काढणार ते आत्ताच सांगून टाक, म्हणजे मला झोप लागेल."

"भिंती," एव्हर्ट म्हणाला. "दीड हात जाड आहेत. मोबाईल चालायचा नाही आत."

"वा! म्हणजे सासूचा फोन येणार नाही. आणखी?"

"खिडक्या खोल आहेत. खिडकीत बसता येतं."

"ही खोट आहे?"

नेहमी एव्हर्टच्या तोंडून एकेक खोट कशी भराभर निघायची. आज जे निघत होतं ते सगळं कौतुकच होतं.

गृहनिर्माण कार्यालयाची आनेली किल्ल्या आणि कागद घेऊन आली. तिने नावं घ्यायला सुरुवात केली. "पहिला नंबर? तू, एव्हर्ट, हे मी न बघताच सांगते. दुसरा नंबर?"

कुणी बोललं नाही. आनेलीने पुन्हा विचारलं. तेवढ्यात आवारात अपंगांसाठीची पिवळी गाडी शिरली, दारासमोर थांबली, चालकाने उतरून मागचं दार उघडलं आणि आतून आधी दोन कुबड्या बाहेर आल्या आणि मग मायलिस.

"आले, आले," ती म्हणाली. "थांबवून ठेवलं ना तुम्हाला? खाली उतरायलाच पंचवीस मिनिटं गेली. लिफ्ट नाही आमच्याकडे."

एव्हर्टने टोपी काढली आणि पुन्हा घातली. "तू इकडे कशी?"

"घर बघायला. मी दुसऱ्या नंबरवर आहे."

"कधीपासून?"

"हेरिंगपासून," मायलिस म्हणाली. "तू बंदरावरच्या घराला नाही म्हणालास ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी माझं नाव पुन्हा घातलं. माझेही झाले आता साडेआठ हजारांच्या वर."

आनेलीने कागदावरून बोट फिरवलं. "पण दोघांचा पत्ता एकच दिसतोय."

"पत्ता एकच," मायलिस म्हणाली. "रांगा वेगळ्या."

योनास दुसरीकडे तोंड करून हसत होता. मग त्याच्या लक्षात आलं की आपण पुन्हा तिसरे झालो, आणि त्याचं हसू थोडं ओसरलं.

दारात सगळ्यांनी बूट काढले. एव्हर्टची नजर सवयीने खाली गेली: त्रेचाळीस, एकेचाळीस, सदतीस. सदतीस मायलिसचं. तिला वाकता येत नव्हतं, म्हणून तो खाली बसला आणि त्याने तिच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. बाकीचे चौघे... म्हणजे तिघे, कारण चौथा तोच... भिंतीकडे बघत राहिले.

घर चांगलं होतं, त्यात वादच नव्हता. न्हाणीघराला उंबरठा नव्हता. स्वयंपाकघरात दुपारभर ऊन यावं अशी खिडकी होती. मायलिस एकेक खोली परीक्षेचा पेपर तपासावा तशी तपासत गेली. एव्हर्ट मोठ्या खोलीत खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. इथेच त्याचं लाकडी काउंटर होतं. तेवीस वर्षं तो इथे उभा राहिला होता आणि पोरं समोरून येत होती. एकोणीस वर्षांची, गारठलेली, आईची आठवण काढणारी. किती जणांना त्याने मापापेक्षा एक नंबर मोठा बूट देऊन, दोन मोजे घाल, असं हळूच सांगितलं होतं.

"इथे माझं शिवणयंत्र बसेल," मागून मायलिस म्हणाली.

"इथे बुटांचं फडताळ होतं."

"माहीत आहे मला. साखरपुड्याच्या दिवशीसुद्धा तू मला इथेच आणलं होतंस. फडताळ दाखवायला." ती जराशी हसली. मग कुबड्या सरसावून लिफ्टकडे गेली, आणि एकदा वर, एकदा खाली, पुन्हा वर अशी फेरी मारून आली. "बोलत नाही," तिने जाहीर केलं. "एव्हर्ट, तुझी पंचाईत झाली."

आनेलीने सगळ्यांना गोळा करून नेहमीचं सांगितलं: उत्तर गुरुवारी दुपारी बाराच्या आत. उत्तर आलं नाही तर ते ‘नाही’ समजलं जाईल आणि पुढच्याला विचारलं जाईल. हे सांगताना ती एव्हर्टकडे बघतही नव्हती. तिने आळीपाळीने मायलिसकडे आणि योनासकडे बघितलं.

घरी पोचल्यावर जिन्याच्या तळाशी मायलिस थांबली. "तू हो पुढे. पहिला नंबर तुझा."

मंगळवारी घरात चिडीचूप होतं. मायलिस शिवणाची फीत घेऊन सोफा मोजत होती. एव्हर्ट वर्तमानपत्राच्या आडून बघत होता. रात्रभर विचार करून त्याला एक तोड सुचली होती आणि ती त्याला फार हुशारीची वाटत होती.

"मी विचार केला," तो म्हणाला. "मी नाही म्हणतो. मग तुझी पाळी. तू हो म्हण. घर मिळालं आणि माझे दिवसही राहिले. कुणाचंच नुकसान नाही."

मायलिसने सोफ्याची लांबी कागदावर लिहिली. दोन मीटर पाच. "चालेल."

"चालेल ना?"

"मला घर मिळतंय. मला का चालणार नाही?"

"मग तू अशी का बोलतेस?"

"कशी बोलतेय? अगदी बरोबर हिशेब आहे तुझा, मी शाळेत असते तर पूर्ण गुण दिले असते." तिने फीत गुंडाळली. "फक्त मी अर्ज एका माणसासाठी केलाय. तुला यायचं असेल तर नाव नोंदव. रांग आहे."

एव्हर्टला हसावं की नाही कळेना. मायलिसने फीत खिशात टाकली आणि मग, चष्मा पुसत, विनोदाचा लवलेश नसलेल्या आवाजात म्हणाली, "चाळीस वर्षं तू माझ्या दिवसांवर राहतोयस, एव्हर्ट. आणखी राहा. मला सवय आहे."

बुधवारी ते दोघंही हवेबद्दल बोलले. हवा चांगली होती.

गुरुवारी सकाळी एव्हर्ट दूध आणायला म्हणून बाहेर पडला आणि मुद्दाम वेळ काढत हिंडला. बंदरावर गेला, बोटी बघितल्या, ओळखीच्या एका माणसाला पाहून रस्ता ओलांडला. त्याला बारा वाजायला हवे होते. एकदा बारा वाजले की काही करायला नको, गप्प बसलं की आपोआप नाही. अकरा वाजून दहा मिनिटांनी त्याला वाटलं, दूध नासेल. म्हणून तो घरी आला आणि जिना चढायला लागला.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मायलिस बसली होती. तिथे एक खुर्ची होती. पाच वर्षांपूर्वी ती बोलणारी लिफ्ट नाकारल्यावर एव्हर्टनेच ती तिथे आणून ठेवली होती, बायकोला टेकायला. शेजाऱ्यांनी तेव्हा केवढं कौतुक केलं होतं: नवरा असावा तर असा. मायलिसच्या मांडीवर ग्रंथालयाची दोन पुस्तकं होती, खिडकीच्या कठड्यावर थर्मास होता आणि हातात शब्दकोडं. कोटाच्या खिशात पेन्सिल खोचायला तिने एक पट्टी शिवून घेतलेली होती. ती पट्टी एव्हर्टने आज पहिल्यांदा बघितली.

"पुस्तकं बदलून आले," ती म्हणाली. "जा तू वर, मी येते."

"तू इथे किती वेळ बसतेस?"

"एक कोडं सुटेपर्यंत. थंडीत दीड."

"दर वेळी?"

"वर जाताना दर वेळी. उतरताना नाही बसावं लागत." तिने त्याच्याकडे बघितलं. "असा काय उभा राहिलास? दूध गरम होईल."

एव्हर्ट वर गेला नाही. त्या वळणावर तो दुधाची पिशवी धरून उभा राहिला आणि त्याला स्वतःची अशी लाज वाटली की कान तापले. सतरा हजार दिवस गाठीशी असताना त्याने बायकोला काय दिलं, तर जिन्यात एक खुर्ची. आणि तिने कुरकुर न करता त्या खुर्चीत संसार मांडला. तो एवढा मोठा माणूस, पण त्याला रडू येईल असं वाटलं.

"हे धर," त्याने दूध तिच्या हातात दिलं आणि खिशातून मोबाईल काढला.

पण नाही म्हणायला काही लागत नाही, हो म्हणायला ओळख पटवावी लागते. सहा आकडे. एव्हर्टने कधी हो म्हटलंच नव्हतं, तेव्हा ते सहा आकडे त्याला कुठून आठवणार? त्याने वाढदिवस घालून बघितला. मग लग्नाचा दिवस. मग रेजिमेंट बंद झाली तो दिवस. तिसऱ्या चुकीला मोबाईलने त्याला कायमचं बाहेर काढलं.

"काय खटपट चाललीय?" मायलिसने विचारलं.

"काही नाही. मी आलोच," असं म्हणून तो दोन-दोन पायऱ्या गाळत खाली पळाला. सहासष्टाव्या वर्षी.

गृहनिर्माण कार्यालयात तो पोचला तेव्हा घड्याळात अकरा चाळीस झाले होते. दारातल्या यंत्रातून त्याने नंबराची चिठ्ठी ओढली. सत्तेचाळीस. भिंतीवरच्या पाटीवर अडतीस. दोन खिडक्यांपैकी एक जेवणासाठी बंद. गावात सगळ्यात जास्त दिवस असलेला माणूस रांगेत नववा होता.

तो बसला. अकरा पंचेचाळीसला एकोणचाळीस आला आणि त्या माणसाला तळघरातल्या कपडे धुण्याच्या खोलीबद्दल तक्रार करायची होती. कुणीतरी त्याच्या ठरलेल्या वेळेत स्वतःचे कपडे धुतले होते, आणि त्याच्याकडे याचे फोटो होते. पुष्कळ फोटो होते. एव्हर्टने घड्याळाकडे बघितलं. उठून पुढे जावं? पण रांग मोडायची? आमच्याकडे माणूस कर चुकवेल, बायको सोडेल, पण रांग मोडणार नाही. बेकरीत एकटा असला तरी चिठ्ठी ओढतो. आणि एव्हर्टने तर सबंध आयुष्य रांगेवरच काढलेलं.

अकरा त्रेपन्नला तो उठून उभा राहिला. "माफ करा," तो म्हणाला.

सगळ्यांनी बघितलं. अनोळखी लोकांच्या खोलीत मोठ्याने बोलणं हेच आधी विचित्र.

"मला पुढे जायला द्याल का?"

कोपऱ्यात बसलेली लोकरी टोपीवाली बाई म्हणाली, "घाई सगळ्यांनाच असते."

"बारा वाजता माझी मुदत संपते."

"अरे, हा तर एव्हर्ट ब्रांडेल," दाराजवळचा एक माणूस म्हणाला. कधीतरी तो त्याच्या मागे दुसऱ्या नंबरवर असणार. "तुला कसली रे घाई? तुला नाहीच म्हणायचं असतं. घरी बसलास तरी नाहीच धरतात."

दोघं-तिघं हसले. एव्हर्टने टोपी काढली. "मला हो म्हणायचंय," तो म्हणाला. "बायकोसाठी. आम्हाला लिफ्ट नाही आणि ती पाच वर्षं जिन्यात बसतेय. मी फार उशीर केला आधीच."

आता कुणी हसलं नाही. लोकरी टोपीवालीने आपली चाळीस नंबरची चिठ्ठी पुढे केली. "घे," ती म्हणाली. "पण हे रोजचं नको." आणि खिडकीपाशी उभा असलेला तो कपडे धुण्याच्या तक्रारीचा माणूस, हातातला फोन खाली घेत, एक पाऊल बाजूला सरकला.

खिडकीमागे आनेली होती. ती एव्हर्टकडे बघत राहिली.

"भांडारातलं घर," तो म्हणाला. "हो."

"हो म्हणजे... घेतोस?"

"घेतो."

"एव्हर्ट, तुझे दिवस शून्य होतील. सतरा हजार पाचशे..." तिने पडद्यावर बघितलं. "सहासष्ट. नियम आहे म्हणून मला विचारायलाच हवं. नक्की?"

"नक्की. कागद कुठाय?"

अकरा सत्तावन्नला त्याने सही केली. मग त्याने आनेलीला आणखी दोन गोष्टी विचारल्या, तिने एकेका शब्दात उत्तर दिलं, आणि तो सायकल हातात धरून सावकाश चालत घरी निघाला. आपल्याला वाईट कधी वाटायला लागतं याची तो वाट बघत होता. पुलापर्यंत नाही वाटलं. बेकरीपर्यंत नाही. तिथे त्याने चिठ्ठी ओढली, आपला नंबर येईपर्यंत मजेत उभा राहिला आणि वेलचीचे दोन पाव घेतले.

मायलिस वर पोचली होती. स्वयंपाकघरात टेबलापाशी बसली होती, पुढ्यात मोबाईल. कॉफी तयार होती पण तिने ओतली नव्हती.

"संदेश आलाय," ती म्हणाली. "ते घर गेलं म्हणे."

"हो."

"पहिल्या नंबरने घेतलं म्हणे."

"हो."

"मूर्ख दिसतोय. माझे दिवस वापरले असते तर त्याचे वाचले असते. साधी वजाबाकी आहे."

"त्याला वाचवायचे नव्हते," एव्हर्ट म्हणाला आणि पाव टेबलावर ठेवले.

मायलिस खिडकीबाहेर बघायला लागली. चेस्टनटच्या झाडाकडे बघता बघता तिने चष्मा काढला, ते त्याला दिसलं, आणि आपल्याला दिसलं हे त्याने लपवलं नाही. तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"किती उरले तुझे?" तिने विचारलं.

"शून्य."

"आज पुन्हा नाव घातलं असशील. उद्या एक होईल."

"नाही घातलं."

तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

"करारावर दोन नावं घालता येतात," तो म्हणाला. "मी विचारलं. तुझे दिवस तसेच राहतात, तेही विचारलं. तुझं नाव वर आहे. मी दुसरा."

मायलिसने डोळे पुसले, चष्मा लावला, आणि दोन कप पुढे ओढले. तिने आधी आपला कप भरला. मग त्याचा.